दारावरचं ऊन

ती गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. त्या साली पेंटर आणि त्याची बायको परक्या शहरात स्थिरावल्यासारखे झाले होते. म्हणजे काय, तर भाजीवाली त्यांना ओळखायला लागली होती आणि तिथल्या भाषेत दोघांना भांडता येऊ लागलं होतं. पेंटरच्या बायकोच्या मते भाषा आली की नाही ते भांडणातच कळतं. नमस्कार-चमत्कार काय, पोपटालाही येतात.

पेंटर म्हणजे दुकानाच्या पाट्या रंगवणारा नव्हे. तो नाटकाचे पडदे रंगवायचा. राजवाडे, अरण्यं, नदीचे घाट, जे म्हणाल ते. त्याचा हात असा की पडदा उघडला की पहिली टाळी मागच्या देखाव्याला पडायची आणि मग नटांना. नटांना ते सोसत नसे. एक म्हातारा नट तर हात जोडून म्हणायचा, "बाबा रे, जरा वाईट काढत जा. आमच्याही पोटापाण्याचं बघ."

मग त्यांच्या देशात लष्कराचं राज्य आलं. सगळ्यात आधी कुलूप लागलं ते वर्तमानपत्राच्या छापखान्याला. दाराला लाखेचं सील ठोकलं आणि समोर शिपाई बसवला. त्याच सुमारास पेंटरला एका नाटकासाठी साधा रस्ता रंगवायचा होता. त्याने रस्ता काढला आणि रस्त्याच्या टोकाला ते दार काढलं, सीलसकट. पहिल्या प्रयोगाला पडदा वर गेला, आणि अख्खं थिएटर उभं राहिलं. कोणी ओरडलं नाही की टाळी वाजवली नाही. माणसं नुसती उभी राहिली आणि बसेचनात. नाटक सुरूच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी थिएटरला कुलूप लागलं. आठवडा उलटायच्या आत नवराबायको नात्यातल्या लग्नाला जातो म्हणून घराबाहेर पडली आणि सीमा ओलांडून आली. लग्नाला निघाल्याचं सोंग पुरतं वठावं म्हणून अंगावर ठेवणीतले कपडे. तेच घालून ती दोघं परक्या शहरात भाड्याच्या खोल्या बघत हिंडली. घरमालकांना वाटायचं, बडी असामी दिसते. ते भाडं वाढवूनच सांगायचे. बायको हसून हसून बेजार व्हायची. तेव्हा हसू यायचं. दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, असं वाटायचं.

मागे राहिली होती पेंटरची आई आणि त्याचा धाकटा भाऊ. भाऊ शाळेत मास्तर होता. थट्टेखोर, वहिनीचा लाडका. निघताना तो हळूच म्हणाला होता, "वहिनी, तिकडे तरी याला झाडंबिडं काढायला लाव. झाडांवर अजून बंदी आलेली नाही."

झाडंच काढायची वेळ आली. घड्याळवाला आणि चांभार यांच्या दुकानांच्या मधोमध एक फोटो स्टुडिओ होता. त्याच्या मालकाला सगळी गल्ली 'जराहसा' म्हणायची, कारण कॅमेऱ्यामागून तो प्रत्येकाला "जरा हसा, जरा हसा" म्हणायचा आणि स्वतः मात्र जन्मात हसायचा नाही. त्याला फोटोमागचे पडदे रंगवणारा हवा होता. पेंटरने त्याला बाग काढून दिली, संगमरवरी जिना काढून दिला, राजहंस सोडलेलं तळं काढून दिलं. गिऱ्हाइकं खूश. पेंटर घरी येऊन म्हणायचा, "आज तळ्यात आणखी एक हंस सोडला. अशानं तळ्यात पाण्याला जागा उरायची नाही."

बायकोलाही तिथेच काम मिळालं, रिटचिंगचं. खिडकीपाशी उतरतं मेज, त्यात बसवलेली काच, काचेवर निगेटिव्ह आणि खालून आरशाचा उजेड. सुईसारखी टोकदार पेन्सिल घेऊन माणसांच्या सुरकुत्या, देवीचे वण, डोळ्यांखालची काळजी भरून काढायची. तिचा हात लवकर बसला. जराहसा म्हणायचा, "पेंटरीणबाई, तुम्ही होता म्हणून या गावातल्या मुली खपल्या." हे म्हणतानाही तो हसायचा नाही.

त्या शहरात आल्यावर वर्षाच्या आत त्यांना मुलगी झाली. तिला सगळे चिमणी म्हणत. चिमणीचे, त्या दोघांचे फोटो जिन्यापुढे, बागेपुढे काढून ते सासूबाईंना पाठवायचे. चिठ्ठ्या फोडून वाचल्या जायच्या, त्यामुळे लिहिण्यासारखं काही नसायचं. फोटोच काय ते बोलायचे. सासूबाईंना ते सगळं खरंच वाटायचं. त्यांनी एकदा धाकट्याकडून लिहवून घेतलं, 'एवढा जिना रोज चढतोस, गुडघे सांभाळ. आणि तळ्याकडे पोरीला एकटी सोडू नका.'

ते वाचून पेंटर आधी हसला आणि मग त्याने चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

चौऱ्याहत्तर सालीच, स्टुडिओत कामाची मंदी होती तेव्हा, जराहसा म्हणाला, "काहीतरी नवीन काढ. लोकांना जिन्याचा कंटाळा आला." पेंटरने विचारलं, "काहीही काढू?" जराहसा म्हणाला, "काहीही. फक्त माणसाला पुढे उभं राहता आलं पाहिजे."

पेंटरने मागच्या खोलीत जमिनीवर कापड अंथरलं. रंगात कालवायचा सरस उकळायला ठेवला. त्या वासाने चांभार नाक धरून येऊन भांडून गेला. पायात मोजे घालून, लांब दांड्याचा कुंचला धरून पेंटर कापडावर उभा राहिला आणि कागदावर एक रेघ न ओढता थेट काढायला लागला. ती दारात येऊन बघत राहिली. आधी दोन झडपांचं दार आलं. डाव्या फळीला वरून खाली गेलेली चीर. मग उजव्या कोपऱ्यात फुटलेली पायरी. लोखंडी ट्रंक उतरवताना दोघा भावांच्या हातून सुटली होती, तिथली. डब्यात लावलेलं रोपटं. चौकटीवर दोघा भावांची उंची मोजून केलेल्या खुणा.

मध्येच तो थांबला. "अगं, कडीला दुवे किती?"

"तुमच्या घरची कडी, आणि मला विचारताय?"

"बाहेरून आलो की माझे हात सामानाने भरलेले. उघडायचीस तू."

तिने डोळे मिटले. हात पुढे करून हवेतच कडी काढून पाहिली आणि सांगितलं, "चार. चौथा जरा लांबट आहे. बोट अडकायचं."

पडदा उभा केला तेव्हा चिमणी पळत आली ती थेट दारावर आपटली. कपाळ चोळत आईला म्हणाली, "आजी दार उघडत नाही." पेंटर पाठ फिरवून ब्रश धुवायला गेला. ब्रश आधीच धुतलेले होते.

गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. एक बाई म्हणाली, "आम्ही काय मोडक्या पायरीवर उभं राहायला एवढे नटूनथटून आलो?" जराहसाने पडदा गुंडाळून ठेवला. पण त्याचा बोभाटा त्यांच्या देशातून पळून आलेल्या लोकांत झाला आणि एकेक जण येऊ लागला. कोणी शिंपी, कोणी प्राध्यापक, कोणी हॉटेलात भांडी घासणारा माजी वकील. 'जरा तो पडदा सोडता का?' एवढंच विचारायचे. त्यांच्यातल्या कुणाचंच ते घर नव्हतं, पण तशी पायरी सगळ्यांचीच होती. ते फोटो काढत, काही न बोलता निघून जात. जराहसाही त्यांना हसायला सांगत नसे.

एके दिवशी तीच म्हणाली, "अहो, एक तुमचा काढू या की. आईंना पाठवू."

"आईला? तिला काय तिच्याच दाराचं कौतुक?"

"दाराचं नाही हो. दारातल्या माणसाचं."

पेंटर उभा राहिला. एक हात चौकटीवर, उंचीच्या खुणांच्या जरा वर. पडद्याचं कापड पुढे जमिनीवर यायचं, पायरीनंतरचा रस्ता त्यावरच रंगवला होता. तिथे त्याच्या बुटापाशी कापडाला एक चुणी पडली होती. निगेटिव्ह तिच्या काचेवर आलं तेव्हा ती चुणी तिला खटकली. चेहऱ्यावर ती नेहमी हात चालवायची, पण नवऱ्याच्या चेहऱ्याला तिने पेन्सिल लावली नाही. चुणी मात्र भरून काढली. इतकी बेमालूम की दुसऱ्या दिवशी ती कुठे होती हे तिलाही सांगता आलं नसतं.

फोटो गेला. काही आठवडे उलटले, आणि एका सकाळी स्टुडिओतला फोन वाजला. सासूबाईंच्या भावाचा, मामांचा फोन. ते किराणा मालाचे व्यापारी. मालासाठी सीमेच्या या बाजूच्या गावी यायचे आणि तिथून मोकळेपणाने बोलायचे. मोकळेपणाने म्हणजे ओरडून.

"सूनबाई, खरं सांग, तो आला होता का?"

"कोण हो मामा?"

"कोण काय कोण! तुझा नवरा! आला होता का इकडे?"

"मामा, ते समोर बसलेत. हंस रंगवतायत."

"आत्ताचं नाही गं विचारत! अगं, घरात फोटो सापडलाय. दारात उभा आहे, राजासारखा! ताईनं तो आरशाला लावून ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती. कोणीतरी जाऊन चुगली केली. पोलीस येऊन फोटो घेऊन गेले आणि मास्तरला उचलून नेलं. म्हणतात, भाऊ चोरून आला, तू लपवलास, कुठल्या वाटेनं आला ते सांग. आता तो काय सांगणार कपाळ!"

तिने रिसीव्हर पेंटरच्या हातात दिला.

"मामा, तो पडदा आहे!" पेंटर ओरडला. "मी रंगवलेला पडदा!"

"मला सांगून काय उपयोग? पोलिसांनी फोटो दारापाशी नेऊन ताडून पाहिला. चीर तीच, पायरी तीच, कडी तीच. बाबा रे, काही चुकवलं असतंस तर!"

"पण एवढ्या वर्षांत काहीतरी बदललं असेल ना! दाराला रंग दिला असेल, पायरी दुरुस्त केली असेल..."

मामा खालच्या आवाजात म्हणाले, "तुझ्या आईनं हात लावू दिला नाही. गवंडी आला होता पायरी करायला, त्याला परत पाठवला. ते रोपटं दोनदा मेलं, दोन्ही वेळा तसलंच आणून लावलं. म्हणते, थोरला आल्यावर त्याला घर ओळखू आलं पाहिजे."

फोन ठेवल्यावर पेंटर तळ्याच्या पडद्याशी उभा राहिला तो तसाच. त्याच्या हातातल्या ब्रशमधून पांढरा रंग ठिबकत होता. ती जवळ गेली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मी नको इतकं चांगलं काढलं गं." म्हाताऱ्या नटाचा थट्टेचा शब्द आता असा अंगावर आला होता.

जाब द्यायचा तर एकच ठिकाण होतं: त्यांच्या देशाची त्या शहरातली वकिलात. पेंटरने तिथे पाऊल ठेवणं म्हणजे आपण होऊन पिंजऱ्यात शिरणं. जाणार ती. तिच्यावर तिकडे काही आरोप नव्हता.

जायच्या आदल्या दिवशी तिने निगेटिव्ह पुन्हा काचेवर घेतलं. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने आपलीच पेन्सिल पुसली आणि नवी प्रत काढली. बुटापाशी चुणी स्पष्ट दिसत होती. दगडाच्या रस्त्याला चुणी पडते का? कोणाही शहाण्या माणसाला पटेल. ती प्रत पदराआड धरल्यासारखी छातीशी धरून ती वकिलातीत गेली.

वकिलातीतला अधिकारी तिच्याच वयाचा. टेबलावर काचेखाली त्याच्या मुलांचे फोटो. तिने सोबत आणलेला जुना फोटो शेजारी ठेवून त्याने नवा पाहिला.

"छान. पहिल्यात चुणी नाही, दुसऱ्यात आहे. बाई, तुम्ही काम काय करता?"

"फोटोच्या स्टुडिओत आहे. रिटचिंग करते."

"म्हणजे असलेलं झाकता."

"हो. म्हणजे, तसं..."

"आणि नसलेलं दाखवता?"

तिने बोटाने चुणी दाखवली.

"ज्या हातानं पुसता येते, त्या हातानं काढताही येत असेल ना?" तो आवाज न चढवता म्हणाला. त्यामुळे तर जास्तच लागलं. "आणि पडदा आहे म्हणता, तर तो फोटोवरून मागाहून रंगवला नाही कशावरून? तुमचे यजमान तर काहीही रंगवू शकतात. ती ख्याती आम्हाला माहीत आहे."

ती परत आली ती तोंडात मारल्यासारखी. जराहसा म्हणाला, "मी लिहून देतो. माझ्या कॅमेऱ्यानं काढला, माझ्या छताखाली काढला." पण परक्या देशातल्या फोटोग्राफरचं कोण ऐकणार! तरी त्याने लिहून दिलं, शिक्का मारला, आणि शिक्का नीट उठला नाही म्हणून पुन्हा मारला.

नंतरचे दिवस तिने मेजावरच काढले. दुसरं काम बाजूला पडलं. भिंग लावून ती तो फोटो दाणादाणा पाहत होती. कुठेतरी एक चूक सापडू दे. आयुष्यभर नवऱ्याच्या कामात चूक निघू नये म्हणून जीव टांगणीला लावलेली बाई आता चुकीसाठी देव पाण्यात घालून बसली होती. चीर बरोबर. कडीचा चौथा दुवा लांबट, तोही बरोबर. आणि तो तर तिनेच सांगितला होता.

शेवटी ती भिंग ठेवून मान चोळत बसली. फोटो हातभर लांब होता. आणि लांबून तिला ते दिसलं. दारावर ऊन होतं. छज्ज्याची तिरपी सावली डाव्या फळीवरून उतरून पायरीवर आली होती, आणि खाली पायरीचा दगड उन्हाने उजळला होता.

"अहो," ती म्हणाली, "आपल्या दाराला ऊन कधी लागलं?"

पेंटरने वर पाहिलं.

दार उत्तरेचं. समोर गुदामाची उंच भिंत. सून म्हणून ती त्या घरात होती तितकी वर्षं हिवाळ्यात पायरी ओली राहायची, शेवाळं धरायची. धुणं वाळत घालायला सासूबाई मागच्या अंगणात जायच्या. त्या दाराला उन्हाची तिरीप म्हणून कधी लागली नव्हती.

"स्टुडिओतला दिवा डावीकडे," पेंटर सावकाश म्हणाला. "माणसावर उजेड डावीकडून पडतो, म्हणून पडद्यातही तो डावीकडूनच दाखवायचा. नाहीतर माणूस चिकटवल्यासारखा दिसतो. फोटोच्या पडद्यांचा हा नियमच आहे." मग म्हणाला, "पण नियम नसता तरी काढलं असतं. त्या पायरीवर आई बसायची ना संध्याकाळी, शाल घट्ट ओढून. मला नेहमी वाटायचं, इथे ऊन हवं होतं."

दुसऱ्या वेळी ती वकिलातीत गेली तेव्हा तिने 'बसा' म्हणण्याची वाट पाहिली नाही.

"साहेब, ही सावली बघा. तिकडे आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, या दाराला ऊन कधी पडतं. गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पडतच नाही."

अधिकाऱ्याने फोटो तिरपा धरला. "दिव्याचा उजेड असेल."

"घराबाहेर, रस्त्यावर, चोरून आलेला माणूस एवढा दिवा लावून फोटो काढून घेईल?"

काचेखालच्या मुलांच्या फोटोंवर त्याची नजर क्षणभर गेली. कदाचित तेही असल्याच कुठल्या तळ्यापुढे काढलेले असतील. तो म्हणाला, "पडदा कुठे आहे?"

"स्टुडिओत."

"जमा करा. तिकडे पाठवतो. तपास करणारे दारापाशी नेऊन बघतील. तुमचं खरं असेल तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. त्याच्या नोकरीत वाक्यं पुरी करायची पद्धत नसावी.

"परत मिळेल?"

"बाई, तुम्हाला माणूस हवाय की कापड?"

हे पेंटरला कसं सांगायचं, याचाच तिला घोर होता. पण त्याने ऐकून घेतलं आणि उठला. आपल्या हातांनी पडदा उतरवला. जमिनीवर पसरून गुंडाळायला लागला, खालून वर. आधी रस्ता गेला, मग पायरी, मग दार. खुणांपाशी येऊन त्याचे हात थांबले. तेवढ्यात हॉटेलात भांडी घासणारा वकील दारात आला.

"हे काय? कुठे नेताय?"

"तिकडे," पेंटर म्हणाला.

"वेडा झालास का! त्यांच्या हातात द्यायचं? आम्ही कुठे उभं राहायचं मग?"

"जिन्यावर उभे राहा," पेंटर म्हणाला. "गुडघे सांभाळून."

वकील रागाने निघून गेला. दोघांनी मिळून गुंडाळी सुतळीने बांधली आणि जराहसाच्या हातगाडीवर घालून ती एकटीच वकिलातीच्या फाटकापर्यंत ढकलत घेऊन गेली. पेंटर रस्त्याच्या पलीकडे झाडाआड उभा होता. फाटक उघडलं, गुंडाळी आत गेली, फाटक लागलं. आपल्यातलं कोणीतरी अखेर घरी चाललं, असं तिच्या मनात आलं, आणि ते नवऱ्याला बोलून दाखवण्याचा धीर तिला झाला नाही.

मग वाट बघणं. फोन वाजला की तिची पेन्सिल हातातच राहायची. थंडी गेली. मामांचा फोन आला तेव्हा खिडक्या उघड्या टाकायचे दिवस आले होते. या वेळी मामा ओरडत नव्हते.

"सुटला," ते म्हणाले. "आला घरी."

तिने फोन पेंटरच्या कानाला लावला आणि स्वतःही कान भिडवला.

मामांनी सांगितलं, पडदा ठाण्याच्या अंगणात उलगडला होता. ताईला बोलावून विचारलं, हे तुझं दार का? तिने कापडाला हात लावून पाहिला. म्हणाली, "दार माझंच आहे. पण माझ्या दाराला जन्मात ऊन नाही लागलं, साहेब. एवढं ऊन असतं तर माझे सांधे कशाला धरले असते?" मग ती विचारायला लागली, हे घरी नेऊ का. नाही म्हणाले. गल्लीतल्या लोकांच्या जबान्या झाल्या. आणि मग, बऱ्याच दिवसांनी, मास्तरला सोडलं.

"कसा आहे?" पेंटरने विचारलं.

"हिंडता-फिरता आहे. डाव्या कानानं ऐकू येत नाही. शाळेतून काढलंय." मामा घुटमळले. "त्यानं तुला निरोप दिलाय. त्याच्याच शब्दांत सांगायला सांगितलंय, म्हणून सांगतो. रोज तो फोटो समोर धरायचे म्हणे. सांग, कधी आला होता. रोज. बघून बघून शेवटी मास्तरलाच वाटायला लागलं की तू खरंच आला होतास. येऊन, दारात उभं राहून, त्याला न भेटता निघून गेलास. म्हणाला, मारापेक्षा ते वाईट होतं. आता खोटं होतं हे कळलं, तरी मनातून जात नाही म्हणतो. म्हणाला, दादाला सांगा, आता काही काढू नकोस."

पेंटर म्हणाला, "बरं."

तेवढंच. जणू कोणी दुकानातून काही आणायला सांगितलं होतं.

आणि त्याने शब्द पाळला. जराहसाने खूप विनवलं, रागावूनही पाहिलं. पेंटर जुने पडदे दुरुस्त करायचा. जिन्याचा उडालेला रंग भरायचा, हंस पुन्हा पांढरे करायचा. नवीन काही काढलं नाही. चिमणीने शाळेसाठी आंबा काढून मागितला तर तिला म्हणाला, "आईकडे जा. तिचा हात छान आहे." तिचा हात मुळीच छान नव्हता. तिने काढलेला आंबा बटाट्यासारखा झाला, आणि तिघंही त्याला हसली. हसता हसता ती उठून आत गेली.

सासूबाई आणखी चार वर्षं होत्या. मास्तर सुटून आला त्याच आठवड्यात त्यांनी गवंडी बोलावून पायरी करून घेतली, दाराला हिरवा रंग दिला, चौकट रंधून साफ केली. पुन्हा कधी थोरल्याचा फोटो मागितला नाही. मामा त्यांच्या आधी गेले, दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालताना.

जराहसाचा स्टुडिओ रंगीत फोटो आल्यावर बसला. पासपोर्टचे फोटो उरले, त्याला मागे पांढरं कापड लागतं. तो लेकाकडे राहायला गेला. हॉटेलातला वकील पेंटरशी दोन वर्षं बोलला नाही, मग बोलू लागला. पुढे राजवट पालटल्यावर देशी परतला आणि न्यायाधीश झाला म्हणे. वकिलातीतल्या त्या अधिकाऱ्याचं काय झालं ते कळलं नाही. त्याने मधल्या मध्ये पडदा दडपला असता तरी त्याला कोणी विचारलं नसतं, हे मात्र ती मानते.

पडद्याचा पत्ता लागला नाही. ठाण्याचं सामान निघालं तेव्हा त्यात नव्हता. कोणी सांगे, पावसाळ्यात जीपवर झाकायला वापरला आणि रंग धुऊन गेला. सरसाचा रंग पाण्याने जातोच.

पेंटर राजवट पालटायच्या आदल्या वर्षी गेला, त्याच शहरात, छातीच्या दुखण्याने. तिकडे नेण्याची सोय नव्हती. चिमणी दातांची डॉक्टर झाली. तिला आईची भाषा समजते. बोलताना मात्र अडखळते आणि मग हातवारे करते.

पेंटरची बायको आता लेकीकडे असते. नजर गेली, ती पेन्सिलीच्या कामात जायचीच होती. देश मोकळा झाल्यावर ती एकदा जाऊन आली. गल्ली रुंद केलेली, घर रस्त्यात गेलेलं. मास्तर तिला घ्यायला आला होता, तिने त्याच्या उजव्या बाजूने चालायचं असं ठरवून घेतलं. अजून तो रविवारी फोन करतो. उजव्या कानाला लावून मोठ्याने बोलतो, तीच जुनी थट्टा करतो. बोलता बोलता भावाचा विषय आला की मध्येच तोडून विचारतो, "वहिनी, तिकडे थंडी कशी आहे?" ती सांगते, थंडी बरीच आहे.